स्टुटगार्टला येताय? मग श्वेबिश कानावर पडू द्या

जर्मनीला यायच्या तयारीत असलेली मंडळी मला हमखास विचारतात, ‘ए-वन झालंय, भागेल ना?’ ए-वन म्हणजे जर्मनची पहिली पातळी. जोडीदाराच्या व्हिसासाठी अनेकदा तेवढीच पातळी लागते, ब्लू कार्डवाल्यांच्या (उच्चशिक्षितांच्या कामाचा परवाना असलेल्यांच्या) जोडीदारांना तर तीही लागत नाही. कागदोपत्री भागतं. पण पुण्याहून येणारे बरेच जण मोटार उद्योगाच्या वाटेने स्टुटगार्टच्या परिसरात येतात आणि इथल्या जिन्यात, बेकरीत, बसथांब्यावर जी भाषा ऐकू येते ती ए-वनच्या पुस्तकात नसते. ती श्वेबिश, या भागाची बोली. स्टुटगार्ट ज्याची राजधानी आहे त्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याने १९९९ साली आपल्या जाहिरातीसाठी घोषवाक्य काढलं, ‘आम्हाला सगळं येतं. फक्त प्रमाण जर्मन सोडून.’ इथल्या लोकांना आपल्या बोलीचा किती अभिमान आहे, हे त्यावरून कळेल.

आधी धीर देणारी गोष्ट सांगते. जर्मन शिकताना मराठी माणसाच्या हाताशी बरंच काही असतं. डेअर, डी, डास ही तीन लिंगं बघून इंग्रजीतून शिकणारे हबकतात. आपल्याला तो-ती-ते जन्मापासून ठाऊक. लिंगं जुळतीलच असं नाही, सूर्य इथे स्त्रीलिंगी आहे, पण ‘डास किंड’ आणि ‘ते मूल’ दोन्ही नपुंसकलिंगी. ‘झी’ आणि ‘डू’ कुठे वापरायचं, हे तुम्ही आणि तू म्हणणाऱ्याला वेगळं समजावावं लागत नाही. एकवीस म्हणताना आपण एक आधी म्हणतो, जर्मनही तेच करतात. गौण वाक्यात क्रियापद शेवटी जातं, याचंही आपल्याला नवल वाटत नाही.

आता श्वेबिश. पहिला बदल कानाला लगेच जाणवतो: ‘स्ट’चा ‘श्ट’ किंवा नुसता ‘श’ होतो. ‘डू बिस्ट’चं ‘बिश’, ‘डू हास्ट’चं ‘हाश’, ‘फेस्ट’चं ‘फेश्ट’. ‘इश हाबे’ म्हणजे ‘माझ्याकडे आहे’, त्याचं ‘इ हान’. प्रत्येक गोष्टीला मागे ‘ले’ लागतो: घराला ‘हॉइझ्ले’, थोडंसंला ‘बिस्ले’. सकाळचा छोटा पाव बर्लिनमध्ये ‘श्रिपे’, म्युनिकमध्ये ‘झेमेल’, उत्तरेत ‘ब्र्योटशेन’, आमच्याकडे ‘वेकले’. वाक्य संपलं की ‘गेल?’ येतं, आपल्या ‘हो ना?’ सारखं.

उच्चारांची सवय होते. खरी अडचण येते ती ओळखीच्या शब्दांचा अर्थ बदलतो तेव्हा. ‘हेबेन’ म्हणजे उचलणं, असं वर्गात शिकवतात. इथे त्याचा अर्थ धरून ठेवणं. शेजारच्या आजींनी जिन्यात हातातली पिशवी माझ्याकडे देत ‘हेब मोल’ म्हटलं, तेव्हा त्यांना किल्ली शोधायची होती आणि मी पिशवी धरून उभं राहावं, एवढीच अपेक्षा होती. ‘टेप्पिश’ हा शब्द पुस्तकात गालिचा आहे. श्वेबिश घरात थंडीत पायावर घ्यायची लोकरी चादरही टेप्पिशच. ‘लाउफेन’ म्हणजे चालणं, धावायला ‘श्प्रिंगेन’, ज्याचा पुस्तकी अर्थ उडी मारणं. काम करण्याला ‘शाफे’ म्हणतात आणि तो शब्द दिवसभरात सतत कानावर येतो.

वेळ सांगण्याची पद्धत मात्र आल्याआल्या शिकूनच घ्या. अडीचला सगळे जर्मन ‘हाल्ब ड्राय’ म्हणतात, म्हणजे तिसरा तास अर्धा झाला. श्वेबिश माणूस हाच हिशोब पुढे नेतो: सव्वादोनला ‘फिर्टल ड्राय’ आणि पावणेतीनला ‘ड्रायफिर्टल ड्राय’. पावणेतीन म्हणणाऱ्याला दुसरं पटकन समजतं. धोका पहिल्यात आहे. दवाखान्यातून फोनवर ‘फिर्टल ड्राय’ सांगितलं आणि तुम्ही सव्वातीनला पोचलात, तर तासभर उशीर झालेला असतो. फोनवर आकड्यात वेळ विचारून घ्या, ‘फिर्त्सेन उअर फ्युन्फत्सेन?’ म्हणजे चौदा पंधरा. कोणी रागावत नाही.

बोली काही ठिकाणी नवशिक्याला सोपीही जाते, हे मला मनापासून सांगायचंय. दक्षिण जर्मनीत साधा भूतकाळ बोलण्यातून जवळपास गेलाच आहे. जो पूर्ण भूतकाळ आपण वर्गात आधी शिकतो, त्यावरच लोकांचं भागतं. संबंधी सर्वनामासाठी (आपलं जो-जी-जे) पुस्तक डेअर-डी-डासची सगळी रूपं पाठ करायला लावतं. श्वेबिश बोलणारा सगळीकडे एकच ‘वो’ वापरतो. परीक्षेत हे लिहू नका, पण ऐकताना ओळखा. हे ‘बिघडलेलं’ जर्मन नाही, त्याला स्वतःचं व्याकरण आहे. वऱ्हाडी किंवा मालवणी घरात वाढलेल्या कोणालाही हे पटेल.

म्हणून माझा सल्ला असा. बोलायला प्रमाण जर्मनच पक्कं करा, ओढूनताणून श्वेबिश बोलायला जाऊ नका. तुमच्याकडून ते कोणी मागतही नाही. कान मात्र दोन्हीकडे ठेवा. डॉइचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेच्या संकेतस्थळावर ‘निकोस वेग’ हा ए-वन ते बी-वनचा मोफत अभ्यासक्रम आहे आणि सावकाश वाचलेल्या बातम्याही मिळतात. इथे आल्यावर फोल्क्सहोखशूलेचा, म्हणजे प्रौढांच्या शिक्षण केंद्राचा, वर्ग लावा, तो गावोगावी असतो आणि फी परवडते. त्याच्या जोडीला म्हाताऱ्या माणसांशी बोला. तरुण मुलं परक्या माणसाला बघून लगेच प्रमाण भाषेवर येतात, इंग्रजीवरही येतात. सत्तरीच्या शेजाऱ्याला ‘होखडॉइच (प्रमाण जर्मन) बोलाल का?’ विचारलं तर तो आनंदाने बोलतो आणि दोन वाक्यांनी परत श्वेबिशवर येतो. तिथेच ऐकत राहायचं. केअरवोखे नावाची इथली पद्धत आहे, इमारतीतल्या प्रत्येक घराने आळीपाळीने जिना आणि फुटपाथ झाडायचा. तुमची पाळी असेल तेव्हा शेजारी थांबून बोलतात, पाच मिनिटं का होईना.

आणि अजून पुण्यात वर्ग लावायचाच असेल, तर कुठल्या शहरात जाणार ते शिक्षकांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवा. हॅम्बुर्गला जाणाऱ्याला ‘मोइन’ (तिथला नमस्कार) पुरेल, बर्लिनला जाणाऱ्याला ‘इश’ऐवजी ‘इक’ (मी) ऐकायची सवय हवी आणि स्टुटगार्टला येणाऱ्याने ‘फिर्टल ड्राय’ विमानात बसायच्या आधी शिकावं.