"मी काही उघडतच नाही हो"

सोमवार, १५ मे २०१७. सकाळी साडेदहाला सांगलीतल्या एका सीए साहेबांचा फोन आला. "असाल तसे या. मशीनवर लाल खिडकी आलीय, जात नाही."

मी ऑफिसांचे कॉम्प्युटर बघायचं काम करतो. हे साहेब म्हणजे माझ्या गिऱ्हाइकांतले सगळ्यात काटेकोर. ऑफिसात सात मशीन, सगळी विंडोज सेव्हनची, कोपऱ्यात प्रिंटिंगपुरतं एक जुनं एक्सपी. इंटरनेट फक्त त्यांच्या केबिनमधल्या वेगळ्या लॅपटॉपवर, तो लॅनला, म्हणजे ऑफिसातली मशीन एकमेकांना जोडणाऱ्या नेटवर्कला, जोडायचाच नाही. बाहेरचा पेन ड्राइव्ह बंद. अनोळखी मेल न उघडता डिलीट. जानेवारीत अँटिव्हायरसचं लायसन्स संपलं तेव्हा ते म्हणाले होते, "काढूनच टाका, हिशेबाचं टॅली जड चालतंय. मी काही उघडतच नाही हो, मग व्हायरस येणार कुठून?" मलाही ते पटलं. मीच काढला.

पोचलो तेव्हा तीन मशीनवर ती खिडकी होती. डाव्या बाजूला दोन घड्याळं उलटी चालू. तीनशे डॉलर बिटकॉइनमध्ये भरा, तीन दिवसांनी दुप्पट, सात दिवसांनी फाइली कायमच्या गेल्या. वर भाषा निवडायची सोय होती, अठ्ठावीस भाषा. ऑफिसातली मुलगी त्यात हिंदी शोधत होती. आपल्याकडची एकही भाषा नव्हती. एक्सपीवालं मशीन निळी स्क्रीन देऊन बंद पडलं होतं. माझ्या डोळ्यांदेखत चौथ्या मशीनवरच्या एक्सेल फाइलींची चिन्हं पांढरी पडत गेली आणि प्रत्येक नावामागं 'डब्ल्यूएनसीआरवाय' लागत गेलं. मी धावत जाऊन नेटवर्क स्विचची पिन भिंतीतून उपटली.

वॉनाक्राय. फाइली कुलूपबंद करून पैसे मागणारा व्हायरस. शुक्रवारी रात्रीपासून टीव्हीवर तेच चाललं होतं.

"कुणी काय उघडलं?" मी विचारलं. कुणीच काही उघडलं नव्हतं, आणि ते खरं होतं. आर्टिकलशिपचा, म्हणजे सीए होण्यासाठी हाताखाली शिकणारा, एक मुलगा शनिवारी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात ऑडिटला गेला होता. तिथल्या नेटवर्कमधून त्याच्या लॅपटॉपला लागण झाली. घाबरून तो सोमवारी लॅपटॉप घेऊन आला आणि उरलेल्या फाइली तरी वाचाव्यात म्हणून त्यानं सर्व्हरवर कॉपी करायला लॅनची वायर लावली. बाकीचं काम व्हायरसनं स्वतः केलं. विंडोजच्या फाइल शेअरिंगमधल्या एका भोकातून तो एका मशीनवरून दुसऱ्यावर उडी मारत गेला. कुणी क्लिक करायची त्याला गरजच नव्हती.

खरी चुटपुट मला पुढच्या गोष्टीची लागली. हा व्हायरस सुरू झाला की आधी एका लांबलचक विचित्र वेबसाइटचा पत्ता लागतो का ते बघायचा. लागला तर स्वतःच थांबायचा. मार्कस हचिन्स या इंग्लंडमधल्या तरुणानं शुक्रवारीच ते नाव नोंदवून टाकलं होतं, म्हणून जगभरात पसरणं मंदावलं. पण साहेबांच्या मशीनना इंटरनेट नव्हतं, त्यामुळं पत्ता लागायचा प्रश्नच नव्हता. ते भोक बुजवणारा पॅच मायक्रोसॉफ्टनं १४ मार्चला, म्हणजे दोन महिने आधीच दिला होता. तोही इंटरनेट नसल्यामुळं आला नाही. पेन ड्राइव्हवर नेऊन तो लावणं माझं काम होतं. मी लावला नव्हता.

साहेबांना मी हे तिथंच सांगितलं. ते रागावले नाहीत. खुर्चीत बसून एवढंच म्हणाले, "३१ मे टीडीएस रिटर्नची तारीख आहे."

टॅलीचा डेटा शाबूत होता; ठरावीक प्रकारच्या फाइलीच तो व्हायरस धरायचा, त्यात टॅलीच्या बसत नव्हत्या. एक्सेलमधलं वर्किंग, स्कॅन केलेली चलनं, पत्रं मात्र गेली. घरी नेलेल्या हार्ड डिस्कवर शेवटची कॉपी २२ एप्रिलची होती. मधल्या तीन आठवड्यांचं काम चौघांनी रोज रात्री दहापर्यंत बसून कागदांवरून पुन्हा उभं केलं. मी सगळी मशीन फॉरमॅट केली, आधी पॅच लावला, मगच एकेक वायर जोडली. पैसे भरायचा विषय साहेबांनी काढूसुद्धा दिला नाही.

अँटिव्हायरस काढला नसता तर वाचलो असतो का? छातीठोकपणे हो म्हणवत नाही. इंटरनेटशिवाय त्याला नव्या व्हायरसची ओळख मिळालीच नसती. पण "मी काही उघडत नाही" हे कारण त्या दिवसापासून मी मान्य करत नाही. जपून वापरणाऱ्या घरच्या माणसाला मी आज विकतचा अँटिव्हायरस घ्याच असं म्हणत नाही. विंडोज १० आणि ११ मध्ये डिफेंडर हा मायक्रोसॉफ्टचाच अँटिव्हायरस आहे, तो चांगला आहे. मात्र मशीन हळू चालतं म्हणून तो कुणी बंद करायला सांगितला तर मी करत नाही. अपडेट बंद करून द्या म्हणणाऱ्यालाही नाहीच म्हणतो. त्यापायी दोन गिऱ्हाइकं तुटली, तुटू देत.

सीए साहेबांकडं आता सगळ्या मशीनना इंटरनेट आहे, डिफेंडर चालू आहे. मायक्रोसॉफ्ट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी अपडेट काढतं, त्यानंतर त्यांचा फोन येतो, "अपडेट आले, लावून घेतले." ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा सपोर्ट संपला तेव्हा त्यांच्या दोन मशीनवर ११ चढत नव्हतं. चांगली चालणारी मशीन होती. साहेबांनी एकदाच विचारलं, "लॅनवर ठेवायची नाहीत ना?" नाही म्हणालो. संध्याकाळी दोन्हींच्या वायरी त्यांनी स्वतः काढून गुंडाळून ठेवल्या होत्या.