तुम्ही विचारलंत म्हणून : टांझानियातल्या खेड्यात शिकवायला जायचं असेल तर

"इंग्रजी चांगलं आहे, गणित-विज्ञान शिकवता येतं. चार-सहा महिने आफ्रिकेतल्या एखाद्या खेड्यात जाऊन शिकवावं म्हणतो. जमेल का?" हा प्रश्न वरचेवर येतो. आफ्रिकेत पन्नासहून जास्त देश आहेत, तेव्हा उत्तर एकाच देशापुरतं देतो: टांझानिया. जमेल. पण ज्या इंग्रजीच्या जोरावर निघालात, तेच तिथे आधी आडवं येतं.

सरकारी प्राथमिक शाळा स्वाहिलीतून चालते. मूल 'फॉर्म वन'ला, म्हणजे माध्यमिकला गेलं की स्वाहिली सोडून बहुतेक सगळे विषय इंग्रजीतून. मराठी माध्यमातून दहावी करून अकरावी सायन्सला गेलेल्यांना हा धक्का सांगायला नको. तिथे तो तेराव्या-चौदाव्या वर्षी बसतो आणि खेड्यात घरची भाषा बऱ्याचदा तिसरीच असते, माकोंडे किंवा सुकुमा. 2016 पासून सरकारी शाळेत फॉर्म फोरपर्यंत फी माफ आहे, त्यामुळे वर्ग गच्च. साठ-सत्तर मुलं आणि चार-पाच जणांत एक पुस्तक, हे धरूनच चाला.

तास 40 मिनिटांचा. नवखा स्वयंसेवक भराभर इंग्रजीत बोलतो, शेवटी "समजलं?" म्हणून विचारतो आणि अख्खा वर्ग एका सुरात "येस" म्हणतो. तो येस हजेरीतला समजा.

फळ्याच्या डाव्या कडेला उभी रेघ मारून वीतभर पट्टा राखून ठेवा. त्यात त्या तासाचे आठ शब्द, फार तर दहा, आणि प्रत्येकापुढे स्वाहिली शब्द. तास संपेपर्यंत हा पट्टा पुसायचा नाही. नुसतं 'फोटोसिंथेसिस' लिहिलंत तर मुलं ते चित्र काढल्यासारखं उतरवतात. पुढे 'उसानिसिनुरू' लिहा, आपलं प्रकाशसंश्लेषण, की माना हलायला लागतात. (त्यातला नुरू म्हणजे प्रकाश, आपल्या ओळखीचा नूर.) पाच मिनिटं शब्द मोठ्याने म्हणण्यात, पंधरा धड्यात. दहा मिनिटं फळ्यावरचं उतरवून घ्यायला द्याच. पुस्तक नसलेल्यांना ती वहीच पुस्तक असते. उरलेल्या दहांत शेजाऱ्याला स्वाहिलीत समजावून सांगायचं आणि मग एकच वाक्य इंग्रजीत लिहायचं. खरं काय कळलं ते त्या वाक्यात दिसतं. जोराचा पाऊस आला की पत्र्याखाली स्वतःचाच आवाज ऐकू येत नाही, तेव्हा पावसाच्या महिन्यांत एक लेखी काम कायम तयार ठेवा.

म्हणजे स्वाहिली हवीच. निघण्याआधी तीन महिने रोज तासभर दिलात तर फळ्यापुरती येते. मराठी माणसाला ती वाटते तितकी परकी नाही, कारण अरबी शब्दांचा साठा दोघींकडे आहे. हेसाबू, स्वाली, जिबू, कलामू, तारेहे हे सांगावे लागत नाहीत. बेरीज करणं म्हणजे 'कुजुम्लिशा', जुन्या जमाखर्चातला जुमला. वही म्हणजे 'दफ्तारी'. वह्या तपासणं 'कुसाहिहिशा', त्यात आपली सही दडलेली आहे. घोटाळा होतो तो नात्यांत: 'दादा' म्हणजे ताई, 'काका' म्हणजे भाऊ, 'मामा' म्हणजे आई. बाबा तेवढे जागच्या जागी आहेत.

घड्याळाचंही तसंच. स्वाहिली दिवस सकाळी सहाला सुरू होतो, म्हणून सातला 'सा मोजा', म्हणजे एक वाजला. विषुववृत्ताजवळ सूर्य वर्षभर सहाच्या आगेमागेच उगवतो, तेव्हा हिशेब चोख आहे. शाळेचं वेळापत्रक इंग्रजी घड्याळावर, गावाची बैठक स्वाहिलीवर. सकाळच्या बैठकीला "चारला या" म्हणाले तर दहाला जायचं. सुरुवातीला मुलंही इंग्रजीत आठ वाजल्यावर "टू ओक्लॉक" म्हणतात. चूक म्हणून खोडण्याआधी सहा मिळवून बघा.

वयाने मोठ्यांना 'शिकामो' म्हणायचं, मुख्याध्यापकांना तसंच रखवालदारालाही. मुलं तुम्हाला म्हणतील, त्याचं उत्तर 'माराहाबा'. तिथे हॅलो म्हणणं म्हणजे नमस्काराला पाठ दाखवणं. छडी अजून नियमात बसते, मुख्याध्यापकांच्या परवानगीने आणि चार फटक्यांपर्यंत. आपण ती हातात घेणार नाही हे पहिल्याच दिवशी मुख्याध्यापकांना एकांतात सांगावं, स्टाफरूममध्ये व्याख्यान देऊ नये. मात्र वर्ग आवरेना म्हणून पोराला दुसऱ्या शिक्षकाकडे धाडलंत, तर छडी तुम्हीच मारलीत.

जेवणाची काळजी शाकाहाऱ्यांनीही फार करू नये. मक्याच्या पिठाची घट्ट उगाली, राजमा, आणि 'म्चिचा' म्हणजे आपल्या माठाच्या जातीची पालेभाजी. तूर दक्षिणेकडे भरपूर पिकते, भारतात येतेसुद्धा. 'दागा' म्हणजे सुकवलेली बारीक मासळी. भाजीत ती आहे का, हे आधी विचारा. पाणी वीस लिटरच्या बादलीने भरायचं आणि पिण्यापुरतं उकळायचं. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून निघण्याआधीच सुरू करा, आणि मच्छरदाणी गादीखाली खोचलेली हवी, नुसती टांगलेली कामाची नाही. नैरोबी किंवा अदिस अबाबामार्गे प्रवास असेल तर पिवळ्या तापाची लस किमान 10 दिवस आधी घेऊन दाखला जवळ ठेवा.

पर्यटक व्हिसावर शिकवणं बेकायदा आहे, मोबदला घेत नसलात तरी. स्वयंसेवकाला 'क्लास सी' निवास परवाना लागतो, आणि तो यजमान संस्थेमार्फत काढतात. "इथे आल्यावर बघू" म्हणणाऱ्या संस्थेला तिथेच नमस्कार करा. शाळेत पूर्ण वेळापत्रक अंगावर घेऊ नका. तुमच्यामुळे मोकळे झालेले शिक्षक दुसऱ्या कामाला लागतात आणि तुम्ही परतलात की ते तास रिकामे पडतात. फॉर्म वनचा एक विषय, तोही तिथल्या शिक्षकाबरोबर, एवढं पुरे.

वर्ष जानेवारीत सुरू होतं, मध्ये जूनची सुट्टी येते, आणि नोव्हेंबरात फॉर्म टू आणि फोरच्या राष्ट्रीय परीक्षांपुढे बाकीचे वर्ग मागे पडतात. चार-सहा महिनेच हातात असतील तर जानेवारीत पोचा. फॉर्म वन तेव्हाच नवा असतो.