मिनिकॉयचं वारे

सकाळी साडेआठला मिनिकॉय बेटावरच्या आमच्या वेधशाळेत पाऊस मोजताना मी गुडघे टेकून बसतो. उभ्याने वाकून पाहिलं तर आकडा फसवतो. पाणी काचेला धरून कडेने जरा वर चढतं आणि मध्ये खोलगट राहतं. वाचायचा तो मधला तळ, आणि तो डोळ्याच्या बरोबर रेषेत हवा. मोजपात्र सपाट दगडावर ठेवायचं, हातात धरायचं नाही. आज सकाळी तो तळ 2.4 वर बसला. बाटली पुन्हा उलटी करून टिचक्या मारल्या, शेवटचा थेंब पडेपर्यंत थांबलो. 2.4. सहकाऱ्याला हाक मारली, आकडा न सांगता वाचायला लावला. तोही म्हणाला, 2.4.

आमच्या पर्जन्यमापकाचं तोंड 200 चौरस सेंटिमीटरचं आहे, तेव्हा 2.4 मिलिमीटर पाऊस म्हणजे 48 मिलिलिटर पाणी. 2.5 भरायला 50 लागतं. कमी पडलं दोन मिलिलिटर. लहान पोराच्या औषधाचा चमचासुद्धा त्याने निम्मा भरणार नाही.

एरवी या दोन मिलिलिटरांची कोणी वास्तपुस्त करत नाही. पण मेचा शेवटचा आठवडा आहे आणि मान्सूनच्या आगमनासाठी ज्या 14 हवामान ठाण्यांचा पाऊस बघतात त्यांत मिनिकॉय आहे. 10 मेनंतर या ठाण्यांपैकी निदान 60 टक्के ठिकाणी सलग दोन दिवस 2.5 किंवा त्याहून जास्त पाऊस पडावा लागतो. सोबत पश्चिमेकडच्या वाऱ्यांची खोली आणि वेग जुळावा लागतो, उपग्रहावरून ढगांचा अंदाज देणारा एक आकडाही जुळावा लागतो. मग दुसऱ्या दिवशी जाहीर होतं की मान्सून केरळात आला. 2.5 च्या आत जे काही पडलं, तो दिवस आमच्या हिशेबात 'पावसाळी दिवस'सुद्धा नाही.

पूर्वी दुसऱ्या एका ठिकाणी असताना एक ज्येष्ठ सहकारी म्हणायचे, "अरे, एक दशांश वाढवला तर कोण मरतंय?" वर्षानुवर्षं त्यांच्या वहीतले आकडे फार सुबक असत. सुबक आकडे दिसले की मला अजूनही शंका येते. मी 2.4 लिहिलं, संदेशात आमचा ठाणे क्रमांक 43369 घालून पाठवून दिलं. बाकीच्या बऱ्याच ठाण्यांवरही आज कोरडंच होतं, तेव्हा माझ्या दोन मिलिलिटरांवाचून देशाचं काही अडलं नाही.

अडलं ते दुसरीकडे, आणि ते माझ्यामुळे.

ज्यांनी हे बेट पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मिनिकॉय हे लक्षद्वीपचं दक्षिण टोक. कोचीपासून समुद्रातून साधारण 400 किलोमीटर. बाकीच्या लक्षद्वीपपासूनही नऊ अंश खाडीने तोडलेलं. त्या बेटांवर मल्याळमची एक बोली चालते, इथे माहल. ही मालदीवची दिवेही भाषाच, इथल्या वळणाची. बेट खोबऱ्याच्या कापासारखं वाकडं, दहाएक किलोमीटर लांब आणि रुंदीला इतकं कमी की सायकलची साखळी पडली तर चालत घरी जावं. 2011 च्या जनगणनेत माणसं दहा हजारांवर. गावं दहाच्या आसपास, गावाला म्हणतात अवा. प्रत्येक अवाचा एक प्रमुख, बोडुकाका, आणि बायकांची एक प्रमुख, बोडुदात्ता. गावाच्या कामात बोडुदात्तेचा शब्द चालतो हे नव्या माणसाला आठवड्याभरात कळतं. मला पहिल्याच दिवशी कळलं. सायकल चुकीच्या ठिकाणी लावली होती.

भाषेचं मला आधी फार कौतुक वाटलं. आपण घरचे माणूस आहोत असंच वाटायचं. माशाला मास. एक, दोन, तीनला एके, दे, तिने. काका आहेच. थाना लिपी उजवीकडून डावीकडे लिहितात आणि तिची पहिली नऊ अक्षरं चक्क अरबी आकड्यांवरून घेतलेली आहेत. दिवसभर आकडे लिहिणाऱ्या माणसाला यापेक्षा गोड काय असणार! व हे अक्षर 9 वरून, र हे 4 वरून. आणि त्यांचं पंचांग! पहिल्या वर्षी एक निवृत्त खलाशी भेटले. मुंबईहून बोटी धरत त्यांनी अर्धं आयुष्य काढलेलं, त्यामुळे हिंदी पक्की बम्बैया. ते म्हणाले, "अभी रोआनु चालू है, बाद में मियाहेलि, फिर अदा." मी वहीत उतरवून घेतलं आणि रात्री झोपताना एकदम उठून बसलो. रोहिणी, मृग, आर्द्रा! माण तालुक्यात माझे वडील ज्या नक्षत्रांवर पेरणीचं ठरवतात तीच. फक्त इथे त्यांच्यावर मासेमारी ठरते आणि दिवस थोडे अलीकडे येतात. त्या रात्री मी वडिलांना फोन केला होता. ते म्हणाले, "मग तिथं मृग कवा निघतो ते सांग की."

इथेच मी फसलो, असं आता वाटतं. थोडी ओळख फार घातक असते.

आता कालची संध्याकाळ. 2024 च्या जानेवारीत कोचीहून समुद्राखालची केबल आली. त्याआधी सगळा कारभार उपग्रहावर चालायचा, एखादा फोटो यायलाही चहा होऊन जायचा. आता बेटभर आवाजी निरोप. टाइप करायचा लोकांना कंटाळा, आणि करायचं तर कुठल्या लिपीत हाही प्रश्न. माझ्या भाड्याच्या खोलीजवळच्या अवाच्या गटात मला कोणीतरी घातलं आहे. तिथे काय नसतं! जहाज कधी लागणार, कोणाची शेळी सुटली, डॉक्टर आलेत का, लग्नाला कोणी काय आणायचं. बहुतेक मला कळत नाही. मी नावं आणि हसणं तेवढं ओळखतो.

काल सातच्या सुमाराला बोडुदात्तांचा निरोप आला, सरळ मला उद्देशून. सात सेकंदांचा. त्यातला एकच शब्द मला लख्ख ऐकू आला, वारे. आणि शेवटी प्रश्नाचा ता.

वारे! मराठी माणसाने याचा दुसरा अर्थ कशाला शोधावा? त्यातून 2017 च्या डिसेंबरात ओखी चक्रीवादळ इथून गेलं, माड आडवे झाले, आणि तेव्हापासून इथे बदलून येणाऱ्या प्रत्येकाला वाऱ्याच्या गोष्टी इतक्या ऐकवल्या जातात की रात्री खिडकी वाजली तरी आधी वेगमापकाकडे नजर जाते. मी उठलो, वारा पाहिला. चार नॉट, म्हणजे ताशी सातेक किलोमीटर. समुद्र तेलासारखा. मी ऐटीत हिंदीत निरोप सोडला, "हवा एकदम कम है, चार नॉट. कुछ नहीं होगा."

नियम सांगतो. निरीक्षकाने अंदाज द्यायचा नाही. आम्ही जे झालं ते लिहितो, जे होणार ते सांगणारे वेगळे, त्यांची कार्यालयं वेगळी. बाहेरच्यांना हा फरक काही केल्या पटत नाही. वेधशाळेतला माणूस म्हणजे ज्योतिषी. गावाकडचा माझा चुलतभाऊ मे उजाडला की रोज फोन करतो, आणि मिनिकॉयला थेंब पडल्याचं कळलं की तिकडे बियाण्याच्या दुकानात जाऊन उभा राहतो. त्याला किती वेळा सांगितलं की इथला थेंब आणि माणचा थेंब यांत दोन आठवडेही जातात, कधी त्याहूनही जास्त. गेल्या वर्षी दुबार पेरणी केली आणि शिव्या मला. तरी असा मी, नियम पाठ असलेला, काल उत्तर देऊन मोकळा झालो. कारण प्रश्न सोपा होता, उत्तर समोर यंत्रात होतं, आणि खरं सांगायचं तर, बोडुदात्तांनी मला विचारलं याचा आनंद झाला होता.

आज सकाळी आकडा पाठवून मी मलमलची वात बदलत होतो. ओल्या तापमापकाच्या गोळीला मलमल गुंडाळलेली असते आणि तिची वात ऊर्ध्वपातित पाण्यात सोडलेली. पुण्यात प्रशिक्षणात शिकवलेल्या वेळापत्रकाने इथे चालत नाही. समुद्राचं मीठ बसून कापड कडक होतं, पाणी नीट चढत नाही आणि आर्द्रता खोटी दिसते. म्हणून मी हे काम फार जपून करतो. तेवढ्यात कुंपणाशी सायकल टेकवून खलाशीकाका उभे.

"मौसमवाला, तूने दात्ता को क्या बोला कल?"

मी सांगितलं. वारे विचारलं, वारे सांगितले.

ते कुंपणाच्या तारेवर हात ठेवून थोडा वेळ गप्प राहिले. मग वर बोट दाखवून बोटं खाली थरथरवत आणली. "वारे, ये. बारिश." मग तोंडाने फुंकर मारली. "ये, वाई."

वारे म्हणजे पाऊस. वाई म्हणजे वारा.

मी हातातली मलमल खाली ठेवली. स्वयंलेखी पर्जन्यमापकाचा कागद काढून पाहिला. पेनाची रेघ रात्री 3:10 ला उठली होती आणि 3:25 ला सपाट झाली होती. पंधरा मिनिटं. वारा खरंच नव्हता, म्हणून माड वाजले नाहीत, पत्रा वाजला नाही, आणि पाचच्या आत उठून वेधशाळेचा हवामानाचा फुगा सोडायचा म्हणून लवकर झोपलेल्या मला जाग आली नाही.

दात्तांच्या अंगणात गेलो तेव्हा चटया अजून पसरलेल्याच होत्या. हंगामाच्या शेवटच्या खेपेचं मास. गळाच्या काठीने एकेक उचललेला ट्यूना, त्याच्यासाठी आधी खाजणात जाळ्याने पकडलेलं जिवंत आमिष, मग उकळणं, धूर देणं, आणि मग दिवसच्या दिवस ऊन, तो लाकडासारखा टणक होईपर्यंत. टणक झाला की वर्षभर टिकतो. एक तुकडा उचलून पाहिला. वरून गडद तपकिरी, जवळजवळ काळा, आणि दोन धाग्यांच्या मधल्या खाचेत पाणी चमकत होतं. अंगठ्याने दाबल्यावर नख रुतलं. रुतायला नको होतं. एका चटईवरच्या तुकड्यांना आंबूस वास सुटला होता, बाकीच्यांना अजून धुराचाच.

48 मिलिलिटर म्हणजे काहीच नाही असं मी सकाळी ठरवलं होतं.

दात्ता मला काहीही बोलल्या नाहीत. दोन सुना नारळाच्या सोडणांचा जाळ करत होत्या, तुकडे पुन्हा धुरावर चढवायला. मी मोडक्या मल्याळममध्ये माफी मागितली, मल्याळम त्यांना माझ्यापेक्षा खूप चांगलं येतं. त्यांनी मान हलवली आणि हाताने दाखवलं की बाजूला हो, धूर तुझ्या डोळ्यांत जातोय. नातू शेजारी उभा होता. काल माझ्या निरोपाचं भाषांतर त्याने केलं होतं. 'हवा' हा शब्द त्याने शाळेत 'हवामान' म्हणूनच ऐकलेला, नॉट त्याला माहीत नव्हतं. उरलं 'कुछ नहीं होगा'. तेवढं त्याने अचूक सांगितलं.

दुपारी वडिलांचा फोन आला. "वारं फिरलं का रं तिकडं?" मी क्षणभर गप्प राहिलो. त्यांना वाटलं रेंज गेली.

नुकसानीचे पैसे द्यावेत असं मनात आलं, खलाशीकाकांनी नको म्हणून सांगितलं. म्हणे दात्तांना तो अपमान वाटेल, आणि शिवाय आभाळाचे पैसे तू का देणार. पण आभाळाबद्दल बोललो मीच होतो. शब्द चुकला हे खरं, पण शब्द बरोबर कळला असता तर मी काय केलं असतं? नियमाप्रमाणे गप्प बसलो असतो. आणि गप्प बसलो असतो तर दात्तांनी सवयीने, आभाळाकडे एकदा बघून, चटया गुंडाळल्या असत्या. यंत्रवाल्याने सांगितलं म्हणून त्यांनी आभाळाकडे बघितलं नाही. हे मला जास्त टोचतंय.

आता रात्रीचे साडेआठ. मघाशी गटावर नवा निरोप आला. दात्तांचाच, पण फार सावकाश, पोरांशी बोलतात तसा. आधी "वारे", आणि मागे पत्र्याच्या डब्यावर बोटांनी टप टप टप. मग "वाई", आणि मोबाईलच्या तोंडाशी जोरदार फुंकर. मागे सुना हसताहेत. मग थोडं थांबून पुन्हा, "वारे ता?"

मास अजून दोन दिवस उन्हात राहायचं आहे. बाहेर जाऊन पाहिलं, पश्चिमेला ढग आहेत, आभाळाच्या आठ भागांतले तीन. वारा सहा नॉट, नैऋत्येकडून. अंदाज द्यायचा नाही.

निरोप मी तीनदा ऐकला आहे. उत्तर दिलेलं नाही. दोन निळ्या खुणा मात्र त्यांना केव्हाच दिसल्या असतील.