उज्जैनचं घड्याळ 27 मिनिटं मागे

नाताळच्या सुट्टीत महाकालच्या रांगेत अडीच तास काढल्यावर भाचीने जाहीर केलं, "मावशी, आता अजून देऊळ नको." मग रिक्षावाल्याला जंतरमंतर सांगितलं. क्षिप्रेकाठची ही वेधशाळा अठराव्या शतकात सवाई जयसिंगाने बांधली. मोडकळीला आली होती, ती 1923 मध्ये ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी दुरुस्त करून घेतली. आत गर्दी अशी नव्हतीच.

सम्राट यंत्र म्हणजे एक तिरकी चढत गेलेली भिंत आणि तिच्या दोन्ही अंगांना वाकवलेल्या पट्ट्या. पट्टीवर सावली पडते, तिथे वेळ वाचायची. वाचली तर 11.33. मोबाईलमध्ये बरोबर 12.

"बंद पडलंय," भाची म्हणाली.

बंद कसलं पडतंय! आपली प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशाची, तिकडे मिर्झापूरजवळची. उज्जैन पावणेशहात्तरवर. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात. पावणेसात अंशांची झाली 27. (हा फरक वर्षभर सारखा नसतो, म्हणून दुरुस्तीचा तक्ताही लावलेला आहे.) पुण्याचा सूर्य तर याहूनही आठेक मिनिटं मागे!

पण मला खरं खिळवलं ते भिंतीच्या चढाने. तो सुमारे 23 अंश 10 मिनिटं आहे (ही मिनिटं घड्याळाची नव्हेत, अंशाचा साठावा भाग), आणि उज्जैनचा अक्षांशही तेवढाच. चढाची रेघ आभाळात तशीच पुढे नेली की रात्री ध्रुवताऱ्यापाशी पोचते. शाळेत 'आडवे अक्षांश, उभे रेखांश' एवढंच घोकलं होतं. अक्षांश म्हणजे ध्रुवतारा क्षितिजापासून जितका वर तितके अंश, हे बाईंनी सांगितलं असेल तेव्हा मी खिडकीबाहेर बघत असणार. मुंबईत तो 19 अंशांवर, कन्याकुमारीला 8.

"मग विषुववृत्तावर?"

"क्षितिजाला टेकलेला."

रेखांशाला असा कुठला तारा नाही. शून्य कुठे धरायचं ते माणसांनीच ठरवायचं. भास्कराचार्यांनी मध्यरेखा सांगितली ती लंका, उज्जैन, कुरुक्षेत्र अशी मेरूला, म्हणजे उत्तर ध्रुवाला जाणारी. 1884 मध्ये वॉशिंग्टनच्या परिषदेत 22 मतं ग्रीनिचला पडली आणि शून्य तिकडे गेलं. फ्रान्स तटस्थ राहिला. रुसणं समजण्यासारखं आहे.

बाहेर आल्यावर रिक्षावाल्याने ऐकवलं की कर्करेषा पूर्वी उज्जैनमधूनच जायची, मग सरकली. हे मी इंटरनेटवरही वाचलंय. सरकते हे खरं, पण उलट्या दिशेने. सध्या ती 23 अंश 26 मिनिटांवर, इथून तीसेक किलोमीटर उत्तरेला डोंगला गावाजवळ आहे, आणि वर्षाला साधारण 15 मीटर दक्षिणेला येतेय. दीड हजार वर्षांपूर्वी ती उज्जैनपासून आजच्याहून लांब होती. इथे पोचायला तिला अजून दोनेक हजार वर्षं लागतील.

हे सगळं मी त्याला मोडक्यातोडक्या हिंदीत समजावलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तो तब तक आप डोंगला देख आइए. आठ सौ लगेंगे."