रामशेजचा किल्लेदार कोणत्या गेममध्ये बसेल?

'युरोपा युनिव्हर्सालिस 4' या कॉम्प्युटरवरच्या स्ट्रॅटेजी गेममध्ये 50 मिलिटरी पॉइंट मोजले की नवा जनरल मिळतो. त्याच्या नावासमोर चार आकडे असतात: फायर (बंदुका-तोफांचा मारा), शॉक (हातघाई), मॅन्युव्हर (फौजेची हालचाल), सीज (वेढा). माझा भाचा अकरावीला आहे. सुट्टी लागली की पाथर्डी फाट्याहून आमच्याकडे राहायला येतो आणि रात्री खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसतो. "मामा, शॉक किती?" हा त्याचा पहिला प्रश्न ठरलेला. मॅन्युव्हर पाच आणि बाकी सगळं एक-एक असा कुणी आला की लगेच म्हणतो, "काढून टाका ना याला, दुसरा घ्या."

हिशोबाने बघितलं तर पोराचं बरोबर आहे. या गेममध्ये लढाई आळीपाळीने चालते, तीन दिवस फायर आणि तीन दिवस शॉक. प्रत्येक वेळी दोन्ही बाजूंचा शून्य ते नऊ असा फासा पडतो आणि दोन जनरलांच्या आकड्यांतला फरक वरचढ बाजूच्या फाशात मिळवला जातो. आपला फायर चार आणि समोरच्याचा एक असला, तर फायरच्या प्रत्येक फेरीत आपल्याला तीन फुकट मिळतात. नऊपर्यंतच्या फाशावर तीन म्हणजे फार झाले. सैन्य तोडीस तोड असेल तर निकाल तिथेच लागतो.

तरी मी मॅन्युव्हरवाला जनरल काढत नाही. नदी ओलांडून हल्ला केला की फाशातून एक वजा होतो, पण आपला मॅन्युव्हर समोरच्यापेक्षा जास्त असला की ती वजावट लागत नाही. असा जनरल फौज लवकर हलवतो आणि वाटेत माणसंही कमी गमावतो. माझ्या मते बाजीरावाचा आकडा हाच. 1728 ची पालखेडची मोहीम घ्या. निजामाकडे जड तोफखाना होता आणि बाजीराव त्या तोफांसमोर गेलाच नाही. खानदेश, गुजरात असा फिरत राहिला, निजामाला आपल्या मागे धावायला लावलं, त्याच्या तोफा मागे पडल्या, आणि पाण्याला महाग अशा जागी त्याला कोंडलं. मार्चमध्ये मुंगी-शेवगावचा तह झाला. ही सगळी मोहीम गेमच्या लढाईच्या पडद्यावर दाखवायची म्हटली तर दाखवण्यासारखं फारसं काही सापडणार नाही, कारण ती नकाशावरच जिंकलेली आहे. भाच्याला हे समजावताना मी चक्क नकाशावर बोट फिरवून दाखवलं. त्याला पटलं की नाही माहीत नाही, पण तो जनरल आम्ही ठेवला.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. या गेममध्ये माणूस तयार होऊन येतो. आपली आर्मी ट्रॅडिशन, म्हणजे राज्याची लढण्याची परंपरा, चांगली असेल तर येणारा जनरल सरस निघण्याची शक्यता वाढते, आणि ही कल्पना मला आवडते, कारण लढणाऱ्या राज्यात चांगले सेनापती निपजतात हे खरंच आहे. पण त्या माणसाला स्वतःचा भूतकाळ नसतो.

2006 च्या 'मेडिव्हल 2: टोटल वॉर'मध्ये तो असतो, म्हणून इतक्या वर्षांनंतरही माझ्या लॅपटॉपवर तो गेम आहे. लढाई जिंकली की कैद्यांचं काय करायचं ते तुम्हाला विचारतात: सोडायचे, खंडणी घ्यायची, की मारायचे. सोडत गेलात तर सेनापतीची शिव्हलरी, म्हणजे दिलदारपणा, वाढते आणि त्याच्या फौजेला हिंमत येते. मारत गेलात तर त्याची दहशत वाढते आणि समोरच्या फौजेचं मनोबल ढासळतं. दोन्ही वाटांनी लढाया जिंकता येतात, पण पंधरा-वीस वर्षांनी जो म्हातारा सेनापती तुमच्यासमोर उभा राहतो तो तुम्ही घडवलेला असतो. तिजोरीत पैसा साचत गेला आणि सरदार शहरात नुसता बसून राहिला की तो बिघडतो, हेही त्यात आहे.

'क्रुसेडर किंग्ज 3'मध्ये मला एक बारकावा फार आवडतो. तिथे सेनापतीच्या मार्शलचा, म्हणजे युद्धकौशल्याचा, प्रत्येक पॉइंट लढाईत ॲडव्हान्टेज देतो आणि ॲडव्हान्टेजच्या प्रत्येक पॉइंटमागे मारा 2 टक्क्यांनी वाढतो. इथपर्यंत नेहमीचंच. पण बेधडक सेनापतीचा फासा दोन्ही टोकांना ताणला जातो, म्हणजे जिंकला तर दणदणीत आणि हरला तर धुव्वा. सावध सेनापतीचा फासा आखडतो, म्हणजे फार मोठं यश नाही आणि फार मोठी नाचक्कीही नाही. सरासरी काढली तर दोघांत फरक थोडाच दिसेल, पण माणसं साफ वेगळी आहेत. स्वभाव म्हणजे काय हे गणितात इतकं नेमकं मांडलेलं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

आता रामशेज, नाशिकजवळचा मराठ्यांचा किल्ला. पेठ रोडने जाताना तो दिसतो. आशेवाडीतून पायऱ्यांनी चढायला फार वेळ लागत नाही, सह्याद्रीतल्या बेलाग किल्ल्यांपुढे तर तो बुटकाच. 1682 मध्ये औरंगजेबाने आपला सरदार शहाबुद्दीन खान याला त्याच्यावर पाठवलं. सोपं काम वाटलं असणार. किल्ला पाच वर्षांहून जास्त लढला. वर लोखंडी तोफा नव्हत्या, म्हणून लाकडं पोखरून, त्यांवर कातडं मढवून तोफा केल्या असं खाफीखानाने लिहिलं आहे, आणि तो मोगलांच्या बाजूचा लेखक. सरदार बदलले, किल्ला पडला नाही. त्या किल्लेदाराच्या नावावरही अभ्यासकांचं एकमत नाही.

हा माणूस कुठल्या गेममध्ये बसतो? युरोपा युनिव्हर्सालिसमध्ये वेढा पडला की साधारण महिन्याने एकदा फासा पडतो. त्यात वेढा घालणाऱ्या जनरलचा सीजचा आकडा मिळवतात, त्याच्या तोफांचा फायदा मिळवतात, किल्ल्याची लेव्हल वजा करतात. आतल्या माणसाचा आकडाच नाही! आत फक्त शिबंदी, नुसती संख्या. क्रुसेडर किंग्जमध्येही तेच: मिलिटरी इंजिनिअर हा ट्रेट (पात्राचा गुण) बाहेरच्याला वेढा लवकर संपवायला मदत करतो, आतल्यासाठी त्याच्या तोडीचं काही नाही. म्हणजे वेढ्याचं सगळं गणित शहाबुद्दीन खानाच्या तंबूत बसून मांडलेलं. महाराष्ट्रात वाढलेल्या, लहानपणापासून दिवाळीत मातीचे किल्ले करणाऱ्या माणसाला हे खटकणारच. आपला निम्मा इतिहास किल्ल्याच्या आत बसलेल्या माणसाचा आहे.

सगळ्यात जवळ येतो तो पुन्हा मेडिव्हल 2. वेढलेल्या शहरात सेनापती असेल तर ते राखायला तो स्वतः लढतो. शिवाय त्यात लॉयल्टी, म्हणजे निष्ठेचा आकडा, आहे आणि वकील पाठवून शहर फितवताही येतं. रामशेज शेवटी गेला तो असाच, पुढच्या किल्लेदाराच्या काळात, पैशाने. त्याच भिंती, तीच उंची, फक्त माणूस बदलला.

क्रुसेडर किंग्जचे ट्रेट साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहिलेले असतात, नोटपॅडमध्ये उघडून बदलता येतात. त्यात मी किल्लेदारासाठी एक ट्रेट लिहायला घेतला आहे: राजा किंवा सरदार या ट्रेटचा असेल तर त्याच्या किल्ल्यांची शिबंदी वाढते. वेढा जितका लांबेल तितका ट्रेट पक्का व्हावा, हे अजून जमवायचं आहे. द्राक्षांचा सीझन संपून पॅकहाउसची घाई ओसरली की त्याच कामाला बसणार. भाच्याचं म्हणणं आहे की ट्रेटच्या चित्रात लाकडी तोफ हवी, आणि ती तोच काढणार आहे.