पत्रिकेच्या माथ्यावरचा सिंह

लग्नसराईत आमच्या कोल्हापुरातल्या डीटीपीच्या दुकानात मान वर करायला फुरसत नसते. लग्नपत्रिकेचा मजकूर ठरलेला असतो: वर गणपती, खाली ‘अंबाबाई प्रसन्न’, ‘जोतिबा प्रसन्न’, मग नावं. गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत कामाला असलेला एक तरुण आला आणि म्हणाला, “भाऊ, गणपती नका टाकू जी. वर ‘जय सेवा’, मग फडापेनचं नाव. अन् एक बाजू आमच्या लिपीत पाहिजे.”

चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याकडचा गोंड पोरगा. ‘जय सेवा’ हा गोंडांचा नमस्कार, फडापेन त्यांचा सर्वांत मोठा देव. त्यानं पाठवलेला मजकूर माझ्या पडद्यावर नुसत्या चौकोनांत उघडला. ही मसराम गोंडी लिपी, मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी 1918 च्या सुमारास घडवलेली. 2017 साली ती युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या जागतिक अक्षरयादीत आली, म्हणून गूगलच्या नोटो मालिकेतला फॉन्ट फुकट मिळाला. तो बसवल्यावर चौकोनांच्या जागी अक्षरं आली आणि पोरगा खुर्ची सोडून पडद्याजवळ येऊन उभा राहिला. स्वतःच्या नावावरून त्यानं बोट फिरवलं.

लिपी तो यूट्यूबवर शिकला, पाळीवरून खोलीवर आल्यावर. आजोबा गोंडी बोलतात, पण लिहीत नाहीत. वडिलांना शाळेत बोलायचीही लाज वाटायची. माघ पौर्णिमेची गोंदिया जिल्ह्यातली कचारगडची गोंडांची जत्रा सुट्टी नसली की तो मोबाईलवर बघतो. 2011 च्या जनगणनेत 10 लाखांवर लोकांनी धर्म ‘गोंड’ लिहिला. त्याच्या घरी मात्र ‘हिंदू’ लिहिलं गेलं. “पुढच्या जनगणनेत मी ‘गोंड’ सांगणार जी,” म्हणाला.

मी रोज अंबाबाईचं नाव छापतो. मला त्याचं म्हणणं मनापासून पटलं. ज्याचा देव त्याच्याच पत्रिकेच्या माथ्यावर पाहिजे, त्यासाठी कुणाची परवानगी कशाला?

गणपतीच्या जागी त्याला चंद्रपूरच्या किल्ल्याच्या दारावरचं गोंड राजचिन्ह हवं होतं, हत्तीला नमवणारा सिंह. फोटो मोठा केला की हत्तीची सोंड फुटायची, म्हणून कोरल या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये रेघ न् रेघ नव्यानं ओढली.

खरी अडचण प्रूफ तपासण्याची. कोल्हापुरात ही लिपी वाचणारं मला कोण भेटणार? त्यानं गावाकडच्या गुरुजींना व्हिडिओ कॉल लावला. मी पान मोठं करून धरलं. नवरीच्या नावात एक मात्रा सुटली होती, ती गुरुजींनी धरली. मगच छपाईच्या प्लेटा काढल्या.

पत्रिकेचा फोटो त्यानं त्यांच्या ग्रुपवर टाकला. दुसऱ्या दिवसापासून यवतमाळहून, छिंदवाड्याहून फोन येऊ लागले, सिंहाची फाईल मिळेल का म्हणून. मागेल त्याला पाठवतोय, पैसे घेत नाही.