भुलेश्वरला चंद्र हरवला होता

३१ जानेवारी २०१८, बुधवार, संध्याकाळी खग्रास चंद्रग्रहण. हाफ डे टाकला आणि मी नि मित्र बाईकवर सोलापूर रोडने सुटलो. पुण्यापासून पन्नासेक किलोमीटर, यवतजवळ उजवीकडे वळायचं, छोटासा घाट चढला की भुलेश्वरचं देऊळ. पूर्वेला सगळं मोकळं म्हणून ही जागा. निघताना आईने बजावलेलं, "वेध लागलेत, बाहेर काही खाऊ नका," आणि सॅकमध्ये भेळेचा पुडा होता, असो.

पेपरात सुपर ब्लू ब्लड मून काय काय छापून आलेलं (सुपर म्हणजे जवळ आलेला म्हणून जरा मोठा, ब्लड म्हणजे ग्रहणातला लाल, आणि ब्लू म्हणजे निळा नाही हो, महिन्यातली दुसरी पौर्णिमा एवढंच). खग्रास ६:२१ ला सुरू आणि चंद्र उगवणार साधारण तेव्हाच, म्हणजे डायरेक्ट लाल चंद्रच बघायला मिळणार.

पावणेसात झाले तरी पूर्वेला नुसता धुरकट जांभळा पट्टा. चंद्रच नाही! मित्र मोबाईलमधलं होकायंत्र गोल गोल फिरवतोय. शेळ्या घेऊन परतणारे एक आजोबा थांबले, "गिराण लागलंय त्याला, आता कुठला दिसतोय," म्हणाले आणि गेले. बरोबरच होतं त्यांचं, पृथ्वीच्या सावलीत बुडालेला चंद्र एवढा मंद होतो की संधिप्रकाशात विरून जातो. सातनंतर मित्र ओरडला. खापराच्या तुकड्यासारखा, खालून जरा उजळ, वरून काळपट, कधीचा तिथेच होता.

लाल का, तर पृथ्वी ऊन अडवते पण तिच्या कडेची हवा थोडं ऊन वाकवून सावलीत सोडते, वाटेत निळा रंग विखरून जातो, तांबडा उरतो. हे शाळेत वाचलेलं. पण मागे वळून बघितलं तर पश्चिमेला अजून नारिंगी होतं आणि तेव्हा ट्यूब पेटली, की मघाशी आपल्याकडे सूर्य मावळताना आपण बरोब्बर त्या कडेवरच उभे होतो, म्हणजे आपल्याच डोक्यावरून गेलेलं ऊन तिकडे साडेतीन लाख किलोमीटरवर जाऊन पडलेलं! हवेत खूप उंचावर ज्वालामुखीचे बारीक कण असतील तर हा रंगही जातो म्हणे, पिनाटुबो ज्वालामुखी १९९१ ला फुटला आणि डिसेंबर १९९२ चं ग्रहण जवळजवळ काळंच दिसलं.

७:३७ ला खालची कड उजळली. त्या उजेडाला लागून दुर्बिणीतून एक निळसर रेघ दिसत होती, ती ओझोनमुळे, तो तांबडा शोषून घेतो. फोटोत अर्थातच नुसता पांढरा ठिपका आलाय.

खाली यवतला चहाला थांबलो तर हॉटेलवाले काका स्टोव्हच पेटवेनात, "पावणेनऊला सुटतंय, मग या." मग काय, समोरच्या रस्त्याच्या मोरीच्या कठड्यावर बसून भेळ संपवली.